राखणदार दूत जवळ असताना संत गोन्सालो क्रूसावर का गेले?

बावखल | 2 ऑक्टोबर, रात्री 9.40

आज राखणदार दूतांचा सण. आपल्याकडे तो नेहमी गांधी जयंतीच्या सुट्टीत येतो, त्यामुळे मिस्साला लहान मुलंही बऱ्यापैकी असतात. दरवर्षी या दिवशी एकाच धाटणीच्या गोष्टी कानावर पडतात. ट्रकखाली येता येता वाचलेला मोटरसायकलवाला, विहिरीत पडूनही न बुडालेलं मूल. या गोष्टींवर माझा आक्षेप नाही. ज्याच्यावर बेतलं त्याने देवाचे आभार मानले तर ते योग्यच आहे. पण जे मूल बुडालं, त्यालाही दूत होताच की! ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: जीवनाच्या आरंभापासून मृत्यूपर्यंत माणसावर दूताची राखण असते. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की दूत बाप्तिस्म्यापासून नव्हे, जन्मापासूनच मिळतो. म्हणजे कोणीही त्यातून सुटत नाही.

मग आपल्या वसईच्या संताचं काय?

गोन्सालो गार्सिया यांचं नाव गास गावच्या चर्चमुळे आणि वसईच्या कॉलेजमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, चरित्र मात्र फार थोड्यांना. जन्म वसईचा, साधारण 1556 चा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या येशूसंघीय (जेझुइट) फादरांकडे शिकले आणि पोरवयातच त्यांच्यासोबत जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे तीच त्यांची खरी कमाई ठरली. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले आणि तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. सुरुवातीला हिदेयोशीने क्योतोत जागाही दिली. 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, मालाच्या जप्तीवरून वातावरण बिघडलं, आणि वर्ष संपायच्या आत अटका सुरू झाल्या.

जानेवारी 1597 मध्ये क्योतोत गोन्सालो आणि त्यांच्यासोबत पकडलेल्यांचे डावे कान कापले आणि सगळ्यांना गाड्यांत घालून रस्त्यांवरून फिरवलं. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतची वाटचाल, सुमारे महिनाभर. निघताना ते 24 जण होते. वाटेत त्यांची काळजी घेणाऱ्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी त्यांच्यातच ढकललं, म्हणून 26. त्यात लुदोविको इबाराकी बारा वर्षांचा होता. धर्म सोड, सुटशील, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने नकार दिला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. 8 जून 1862 रोजी पोप पायस नववे यांनी या सगळ्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच, आपले गोन्सालो.

सव्वीस माणसं म्हणजे सव्वीस राखणदार दूत. एकानेही भाला अडवला नाही.

मला वाटतं, उत्तर बायबलमध्येच आहे आणि आपण त्यावरून घाईघाईने पुढे जातो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12. पेत्र तुरुंगात आहे, दूत येतो, साखळदंड गळून पडतात, दार आपोआप उघडतं. ही गोष्ट आपण पोरांना रंगवून सांगतो. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्याच ओवीत हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. त्याच्यासाठी कोणी दार उघडत नाही. लूकने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि याकोबाची श्रद्धा कमी पडली असं चुकूनही म्हटलं नाही. सुटलेला पेत्रसुद्धा पुढे रोममध्ये हुतात्माच झाला.

तेव्हा दूत राखतो म्हणजे नेमकं काय राखतो? माझं मत असं की तो माणसाला देवाकडे नेणाऱ्या वाटेवर राखतो. शरीर वाचवणं हे त्यातलं कधीमधी घडणारं काम, मुख्य काम नव्हे. संतचरित्रांतून याबद्दल कोणाला काही माहीत असेल तर सविस्तर लिहा.

---

देवगडी | 2 ऑक्टोबर, रात्री 10.25

सुंदर लिहिलंत. मी ख्रिस्ती नाही, पण विषय अगदी जवळचा वाटला. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. त्याला वर्षाचा मान द्यायचा, नारळ ठेवायचा, कुठे कुठे काठी, घोंगडी आणि वहाणाही वाहतात. तो रात्री शिवेवरून फिरतो म्हणून वहाणा झिजतात अशी श्रद्धा. आजीच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टी रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवण्याच्या. मान चुकला तर तो रागावतो, हेही तितकंच पक्कं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या दूताला काही वाहतात का? आणि त्याला विसरलं तर तो रागावतो का?

---

बावखल | 2 ऑक्टोबर, रात्री 11.05

देवगडी, मनापासून आभार. वसईतही जुन्या माणसांना राखणदार म्हटलं की आधी तुमचाच आठवतो.

दूताला काही वाहत नाहीत. तो देवाचा पाठवलेला, त्यामुळे त्याची पूजा होत नाही. संत बर्नार्ड यांनी 91 व्या स्तोत्रावर जी प्रवचनं दिली, त्यांत दूताला आपण काय द्यायचं ते सांगितलंय: तो हजर आहे म्हणून आदर, तो आपलं भलं इच्छितो म्हणून प्रेम, तो सांभाळतो म्हणून विश्वास. कोपऱ्यात एकटे असताना दूतासमोर असं काही करू नका जे माझ्यासमोर करायला धजणार नाही, असंही ते त्यात बजावतात. लहानपणी पाठ केलेली प्रार्थना तर चार ओळींची. आज मला उजेड दे, माझं रक्षण कर, मला ताब्यात ठेव, वाट दाखव. एवढंच मागणं.

रागावण्याचं म्हणाल तर गावच्या राखणदाराशी गावाचा करार असतो, तो मोडला की कोप. दूताच्या बाबतीत करारच नाही. माणूस त्याला आयुष्यभर विसरला तरी तो सोडून जात नाही, अशी शिकवण आहे.

आणि ज्या 91 व्या स्तोत्रात 'तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल' असं वचन आहे, तेच वचन अरण्यात सैतान येशूला ऐकवतो. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, दूत झेलतील. येशू उडी टाकत नाही. 'देवाची परीक्षा पाहू नकोस' म्हणतो. माझ्या मते, दूतांबद्दल बोलताना प्रत्येकाने आधी हा प्रसंग वाचावा.

---

शेवंती | 3 ऑक्टोबर, सकाळी 6.50

मी इथे सहसा लिहीत नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना तापाने गेला. तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणायचा, 'देवाला एक देवदूत हवा होता म्हणून नेलं.' सांत्वनासाठीच म्हणायचे, मला कळतं. पण मला देवाचा इतका राग यायचा की मी चर्चच्या पायऱ्याही चढायचे नाही. देवाकडे दूतांची कमी आहे का? आणि ज्या दूताला रोज रात्री मी त्याच्याकडून हाक मारून घ्यायचे, तो कुठे होता?

कोणाला दुखवायचं नाही. बावखल यांचा प्रश्न वाचला आणि वाटलं, हाच तर माझा प्रश्न.

---

पानवेल | 3 ऑक्टोबर, सकाळी 8.30

शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती तुमच्या हक्काची आहे. माणूस मेल्यावर देवदूत होतो, असं ख्रिस्तसभा कधीच शिकवत नाही. दूत वेगळे, माणसं वेगळी. बाप्तिस्मा घेतलेलं लहान मूल जातं ते थेट देवाजवळ, आणि ते तुमचं मूल म्हणूनच तिथे असतं. त्याचं नाव, त्याचा चेहरा, तुमच्याशी असलेलं नातं, काहीही पुसलं जात नाही. देवाला कमी पडलं म्हणून कोणाचं मूल नेलं जात नाही.

दुसरं, तुमचा प्रश्न एका संतिणीने जगून पाहिलाय. रोमची फ्रान्सेस्का, जन्म 1384. राखणदार दूत आणि संत म्हटलं की हिचं नाव पहिलं येतं. श्रीमंत घरची सून, नवऱ्याचं नाव लोरेन्झो पोन्झियानी. तेव्हा रोमवर नेपल्सच्या सैन्याचे हल्ले चालले होते, घर लुटलं गेलं, पाठोपाठ साथ आली. हिने धान्याचं कोठार गरिबांसाठी उघडलं, दागिने विकले, राहत्या घरात आजाऱ्यांना ठेवलं. त्याच साथीत तिचा मुलगा एव्हांजेलिस्ता गेला. पुढे मुलगी आग्नेसही गेली.

चरित्र सांगतं की एव्हांजेलिस्ता गेल्यानंतर काही काळाने एका पहाटे तो तिला दिसला आणि त्याच्यासोबत एक दूत होता. आग्नेसलाही लवकरच न्यायचं आहे हे त्याने आईला सांगितलं, आणि हा दूत आता तुझ्यासोबत राहील असंही. पुढे कित्येक वर्षं तो तिला दिसत राहिला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढा, आणि त्याचा उजेड इतका की रात्री त्या उजेडात ती प्रार्थनेचं पुस्तक वाचायची. तिच्या हातून काही चूक झाली की तो उजेड मंदावायचा. ती सावरली की परत यायचा.

नीट पाहा, दूत आला, पण मुलं परत आली नाहीत. त्याने तिला साथीपासून दूरही नेलं नाही. तो उजेड सोबत घेऊन ती पुन्हा आजाऱ्यांमध्येच गेली, आणि पुढे तोर दे स्पेक्की इथे सेवाव्रती स्त्रियांचा मठ उभा केला. तो मठ आजही आहे. 1440 साली ती गेली, 9 मार्चला. 1608 मध्ये पोप पॉल पाचवे यांनी तिला संत घोषित केलं, आणि त्याच वर्षी त्याच पोपनी राखणदार दूतांच्या सणाला रोमच्या पंचांगात जागा दिली. 2 ऑक्टोबर ही तारीख सगळ्या ख्रिस्तसभेसाठी पक्की झाली ती 1670 मध्ये, क्लेमेंट दहावे यांच्या काळात.

तुमचा राग देवाला चालतो, ताई. तो दाबून ठेवू नका.

---

वाचनवेडा | 3 ऑक्टोबर, सकाळी 10.15

पानवेल यांच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन.

जाता जाता एक सूचना. हल्ली मोबाइलवर 'जन्मतारखेवरून तुमच्या दूताचं नाव जाणून घ्या' असले प्रकार फिरतात आणि आपले लोकही ते पुढे पाठवतात. बायबलमध्ये नावं तीनच दूतांची आहेत: मीखाएल, गाब्रिएल, राफाएल. इतर नावं ठेवू नयेत, असं व्हॅटिकनने 2001 च्या लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेत सांगितलंय. हे आजचंही नाही. इसवी सन 745 मध्ये पोप झकारिया यांच्या सभेने अनोळखी नावांनी दूतांचा धावा करणाऱ्या आदलबर्ट नावाच्या माणसाला दोषी ठरवलं होतं. कृपया असले संदेश पुढे ढकलू नका.

---

आखातातली | 3 ऑक्टोबर, दुपारी 3.40

मी कुवेतला नर्स आहे, रात्रपाळी संपवून वाचतेय.

पाद्रे पियो यांच्या पत्रांतला एक प्रसंग इथे हवाच. 1912 साल, तेव्हा ते पंचविशीतले तरुण फादर, आजारी म्हणून पिएत्रेल्चिनाला आपल्या गावी राहायचे. रात्री सैतान त्यांना मारहाण करायचा असं ते लिहितात. 5 नोव्हेंबरच्या पत्रात ते आपले मार्गदर्शक पाद्रे अगोस्तिनो यांना सांगतात की त्या रात्री दूताला किती हाका मारल्या, तो आलाच नाही. सगळं सोसून झाल्यावर आला. मग पियोंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि शिक्षा म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून तोंड फिरवून घेतलं. बिचारा दूत रडवेला होऊन त्यांच्या मागे मागे. शेवटी पियोंनी वर पाहिलं तर त्याचा चेहरा दुःखाने भरलेला. मी सतत तुझ्या जवळच असतो, माझं तुझ्यावरचं प्रेम तुझ्या मरणानंतरही संपणार नाही, असं काहीसं तो म्हणाला.

शेवंतीताई, हे तुमच्यासाठी लिहिलं. ज्याला 2002 मध्ये संत घोषित केलं, तो माणूससुद्धा दूतावर रुसला होता.

आमच्या वॉर्डात सगळ्या धर्मांचे, सगळ्या देशांचे पेशंट. कित्येकांची भाषा मला येत नाही. ड्रिप लावताना मी मनातल्या मनात त्यांच्या दूताला सांगते, बाबा रे, यांना घाबरू देऊ नकोस. पोप जॉन तेविसावे असंच करायचे म्हणतात. कठीण माणसाला भेटायला जाण्याआधी आपल्या दूताला सांगायचं, त्याच्या दूताशी आधी बोलून घे.

---

तर्कसंगत | 3 ऑक्टोबर, सायंकाळी 6.20

आदराने विचारतो. चर्चेतला मुख्य मुद्दा पटतोय. पण संतांच्या गोष्टींत दूत ग्रीक पत्रं वाचून दाखवतो, दूत पत्रं पोचवतो असंही सांगतात, हे सगळं कॅथलिकांना मानावंच लागतं का?

---

पानवेल | 3 ऑक्टोबर, रात्री 8.10

नाही, मानावं लागत नाही. दूत आहेत हा श्रद्धेचा भाग. अमुक संताला अमुक दूत दिसला हा खाजगी अनुभव. एखाद्याला संत घोषित केलं म्हणून त्याच्या चरित्रातला प्रत्येक चमत्कार श्रद्धेचं कलम होत नाही.

पत्रांचं म्हणाल तर लुक्काची जेम्मा गाल्गानी (1878 ते 1903) आपली पत्रं दूताकडे द्यायची. तिच्या रोजनिशीत तर दूताने कॉफीचा कप आणून दिल्याचाही उल्लेख आहे. तिचे पापनिवेदन ऐकणारे मोन्सिन्योर वोल्पी स्वतः या सगळ्याबद्दल साशंक होते. तरीही 1940 मध्ये ती संत झाली, कारण ख्रिस्तसभेने तिचं दुखणं सोसणं आणि तिचं प्रेम पाहिलं. पंचविशीत ती क्षयाने गेली, हेही या धाग्याच्या विषयाला धरूनच आहे.

डॉन बॉस्को यांची भूमिका मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. तुरिनमध्ये त्यांच्या जिवावर उठलेले लोक होते, आणि ऐन धोक्याच्या वेळी एक मोठा करडा कुत्रा कुठून तरी यायचा, त्यांना वाल्दोक्को इथल्या त्यांच्या घराच्या दारापर्यंत सोडायचा. त्याचं नाव त्यांनी ग्रिजो ठेवलं होतं. तो दूत होता का, असं विचारल्यावर ते म्हणायचे की दूत म्हटलं तर लोक हसतील, पण साधा कुत्राही म्हणवत नाही. बस्स, त्यापुढे दावा नाही.

---

साष्टीकर | 3 ऑक्टोबर, रात्री 9.00

गोव्यातून माझेही चार शब्द. आमच्या बाणावलीचे संत जुझे वाझ, जन्म 1651. डच सत्तेने श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, म्हणून 1687 मध्ये हे मजुराच्या वेषात तिथे शिरले. कँडीत त्यांना हेर समजून कैदेत टाकलं. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा राजा शहर सोडून गेला, लोक आपल्याच आजारी माणसांना रानात सोडू लागले. फादर वाझ आणि फादर जोसेफ कार्व्हालो त्या माणसांना उचलून आणून धुवायचे, भरवायचे, मेल्यावर पुरायचे. जात-धर्म पाहिला नाही.

त्यांच्या चरित्रात दूत दिसल्याच्या गोष्टींवर भर नाही. पण त्या रानात पडलेल्या माणसाने आपल्या राखणदाराला हाक मारली असेल, तर त्या हाकेला ओ द्यायला देवाने कोणाला पाठवलं, ते उघड आहे. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

बावखल, क्योतोहून निघालेल्या कैद्यांची काळजी घेता घेता स्वतः क्रूसावर गेलेले ते दोघे मला याच रांगेतले वाटतात.

---

किनारा | 4 ऑक्टोबर, सकाळी 7.15

मी कामानिमित्त जपानमध्ये असतो. निशिझाकाला जाऊन आलोय, नागासाकी स्टेशनपासून चालत जाता येतं. 1962 मध्ये, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा तिथे स्मारक आणि संग्रहालय उभं राहिलं. फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराने केलेल्या ब्राँझच्या सव्वीस मूर्ती एका ओळीत आहेत. त्यात छोटी मुलं उंचीवरून लगेच ओळखू येतात. आपल्या वसईचा माणूस त्या ओळीत आहे म्हटल्यावर ऊर भरून येतो.

त्यातल्या तोमास कोझाकी या चौदा वर्षांच्या मुलाने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. वडीलही सोबतच होते, पत्र त्यांच्या कपड्यांत राहिलं आणि मृत्यूनंतर सापडलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांकडे लक्ष दे, असं त्याने लिहिलंय. चौदाव्या वर्षी, मरण समोर दिसत असताना त्या मुलाच्या मनात आईची काळजी होती. बावखल, दूत नेमकं काय राखतो, याचं उत्तर मला या पत्रात दिसतं.

---

शेवंती | 4 ऑक्टोबर, सकाळी 11.30

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. माझं मूल माझंच राहिलंय, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पानवेल, आखातातली, मी तुमची ऋणी आहे. माझी धाकटी आता सात वर्षांची आहे. तिला मी ती प्रार्थना शिकवलीच नाही, मन होत नव्हतं. बावखल, तिला दूतांबद्दल सांगायचं तर सुरुवात कुठून करू? अपघातातून वाचल्याच्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत.

---

बावखल | 4 ऑक्टोबर, रात्री 9.15

शेवंतीताई, बायबलमधल्या तोबितच्या पुस्तकापासून करा, अध्याय 5 पासून. लहान मुलांना त्यातलं सगळं आवडतं: प्रवास, मासा, आणि सोबत निघालेला घरचा कुत्रा. तोबियाचे वडील तोबित आंधळे झालेत, आई त्याला निरोप देताना रडते, आणि राफाएल साध्या वाटसरूच्या रूपात त्याच्यासोबत निघतो. आपण कोण हे तो शेवटपर्यंत सांगत नाही.

तिग्रिस नदीवर तोबिया पाय धुवायला उतरतो तेव्हा मोठा मासा त्याच्यावर झेपावतो आणि तो ओरडतो. राफाएल त्या माशाला हाकलून लावत नाही. तो म्हणतो, पकड त्याला, सोडू नकोस. तोबिया धडपडत त्याला काठावर ओढतो, आणि पुढे त्याच माशाच्या पित्ताने वडिलांचे डोळे उघडतात. तुमच्या लेकीला इथे थांबवून विचारा, दूताने मासा पळवून का नाही लावला? ती काय म्हणते ते आम्हालाही कळवा.

पुस्तक विकत घेणार असाल तर बायबलची कॅथलिक आवृत्ती मागा. प्रोटेस्टंट आवृत्तीत तोबित बहुधा नसतं.